वही कोणाच्या हातात?

डही हे नाव सांगितले की पुण्याकडचे आमचे पाहुणे हमखास हसतात. "दही म्हणा ना सरळ!" हा शेरा ठरलेला. पण गाव खरे आहे. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कुक्षीच्याही पलीकडे. खाली नर्मदा, नर्मदेपलीकडे बडवानी, आणि तिकडून सातपुडा ओलांडला की नंदुरबार. सीमेवरच्या वाचकांना हा मुलूख परका नाही. धडगावकडचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी डहीचा हाट निम्मा पाहिलाच आहे.

आमचे घर धारचे. आजोबा पवारांच्या संस्थानात दफ्तरी नोकरीला होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, दफ्तर गेले, पण घराचे दफ्तरी वळण राहिले. गल्लीत माळवी, शाळेत हिंदी, आणि हिशेब मात्र मराठीत. वडील बाजारात हिंदीतून भाव करीत आणि मनातल्या मनात पावकी-निमकी म्हणत. दोन भाषांत वाढलेल्या घरांना ही गंमत ठाऊक असते. भांडायला कुठलीही भाषा चालते, पैसे मोजायला आईचीच लागते. हे उगीच सांगत नाही. पुढे ते कामास येणार आहे.

१९८४ ते १९८८ ही चार वर्षे मी एका बँकेच्या कुक्षीकडच्या शाखेत होतो. काम ग्रामीण कर्जांचे. हाटाच्या दिवशी डहीला जायचे, झाडाखाली टेबल टाकायचे आणि अर्ज भरून घ्यायचे. टेबलासमोरच एका सेठजींचे दुकान होते. धान्य, किराणा, बी-बियाणे, मीठ, मिरची, कापड, आणि मागच्या खोलीत चांदी. ज्येष्ठातली गोष्ट. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला. एक भिलाली बाई आली, गळ्यातली चांदीची हासळी काढून तिने गादीवर ठेवली आणि गप्प उभी राहिली. सेठजींनी काही विचारले नाही. हासळी तोलली, चिठ्ठी बांधून आत ठेवली, मक्याचे बी मापून दिले, थोडे रोख दिले, मिठाची आणि मिरचीची पुडी बांधली आणि मग विचारले, "धाकट्याचा ताप उतरला का?" सगळे मिळून पाच मिनिटे लागली.

त्याच बाईच्या नवऱ्याचा अर्ज माझ्याकडे दोन महिने पडून होता. दोन फोटो हवे होते, आणि फोटोवाला कुक्षीला. खसऱ्याची नक्कल हवी होती, ती पटवाऱ्याकडे, आणि पटवारी सापडेल त्या दिवशी. सोसायटीचे आणि इतर बँकांचे 'बाकी नाही' असे दाखले हवे होते. प्रत्येक खेपेला बसभाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडे. शिवाय आमची रोखीची खिडकी दुपारी दोनला बंद व्हायची, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून पायी निघालेली माणसे हाटात पोचतात ती दुपारी. सेठजींचे दुकान सगळ्यांत जास्त चाले ते नेमके दोननंतर.

मी त्या बाईला बँकेचे व्याज किती कमी आहे ते समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि तिच्या बोलीत एवढेच विचारले, "तुमच्याकडे रात्री कोणी असते का?"

त्या प्रश्नाने मला तेव्हा राग आला होता. आज वाटते, सेवा कशी आखावी यावर नंतर जे काही वाचले त्याचे सार त्यात होते. शेतकऱ्याच्या घराची गरज दहा ते दोन या वेळात उगवत नाही. मूल रात्री तापाने फणफणते, बैल पेरणीच्याच दिवशी पाय मोडून घेतो, मुलीचे लग्न ठरते ते पीक उभे असताना. त्या घराला पैसा हवा असतो थोडा, ताबडतोब, आणि फेडायला सवड हवी असते ती पीक येईपर्यंतची. आमच्या शाखेने यातले काहीच ओळखले नव्हते. सेठजींनी सगळे ओळखले होते.

अलीकडे व्यवस्थापनाच्या शाळांत शिकवतात की गिऱ्हाइकाच्या घरी जा, त्याचे दिवस-रात्र पाहा, त्याची गरज समजून घ्या आणि मग धंदा आखा. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ साली गरिबांच्या बाजारपेठेवर जे पुस्तक लिहिले, त्याचा जगभर गाजावाजा झाला. मला ते वाचताना सारखी डहीच्या त्या गादीची आठवण येत होती. लहान पुडीत माल विकायचा, दारात सेवा द्यायची, कागद कमी ठेवायचा, ओळखीवर भरवसा ठेवायचा: या साऱ्या गोष्टी आमच्या सेठजींना बापजाद्यांपासून येत होत्या. गरज ओळखून बेतलेली सेवा हीच जर चांगली सेवा असेल, तर त्या मुलखात सावकाराइतकी चांगली सेवा कोणीच दिली नाही. आणि तरीही आपण सारे सावकारी वाईट म्हणतो. मग वाईट काय आहे?

व्याज, हे पहिले उत्तर. ते खरेच आहे. सवाई म्हणजे एका हंगामाला पाव पट वर, दिढी म्हणजे अर्धी पट. बी ज्येष्ठात चढ्या भावाने वहीत चढायचे आणि मका कार्तिकात उतरत्या भावाने जमा व्हायचा, म्हणजे वहीत लिहिले नसेल तेही व्याज सुटायचे. पण नुसत्या व्याजाने हिशेब पुरा होत नाही. ज्याला कोणीच उधार देत नाही त्याला देणाऱ्याची जोखीमही मोठी असते. काही घरे सौराष्ट्रात मजुरीला जात ती वर्ष-वर्ष परतत नसत. सेठजींची बुडीत खाती मी पाहिली आहेत. शिवाय व्याज कमी असलेले आमचे कर्ज त्या बाईला मिळालेच नाही, तेव्हा त्या कमी व्याजाचा तिला काय उपयोग?

१९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जाच्या दर १०० रुपयांतले सुमारे ७० सावकारांचे, सहकारी संस्थांचे जेमतेम ३, आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही भरत नव्हता. ७० रुपये देणाऱ्याला नुसता दुष्ट म्हणून चालत नाही. तो काहीतरी असे देत होता जे दुसऱ्या कोणाजवळ नव्हते.

मला उत्तर सापडले ते आपल्याच इतिहासात. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. त्याची हजामत करायला, पाणी भरायला कोणी जाईना. ज्याच्यावाचून गावाचे चालत नाही असे वाटत होते, त्याचेही गावावाचून चालत नाही हे दिसले. पुढे १२ मे १८७५ ला सुपे या बाजाराच्या गावी उठाव झाला आणि तो पुणे-नगरच्या गावोगावी पसरला. दुकाने लुटली गेली, आगीही लागल्या. पण लोकांनी हटकून मागितले ते कर्जरोखे आणि वह्या. बहुतेक ठिकाणी रोखे हाती आले, जळाले, की जमाव पांगे. उपाशी माणसांना धान्याआधी कागद का हवा होता? त्यांना ठाऊक होते की आपण बांधलेले आहोत ते त्या कागदाने, आणि तो कागद आपल्याला वाचता येत नाही.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे तपासण्याचा अधिकार दिला गेला, हे पुष्कळांनी वाचलेले असते. त्यातले दुसरे एक कलम मला जास्त महत्त्वाचे वाटते. कुळाला भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. म्हणजे वहीची एक प्रत शेतकऱ्याच्या घरात यावी. कायद्याने सावकारी संपली नाही, अनेक ठिकाणी सावकारांनी हात आखडता घेतला. गरज तशीच होती. परंतु कोणाला तरी दुखणे कुठे आहे ते नेमके समजले होते.

सेठजींना त्या बाईचे सारे माहीत होते. मुलाचा ताप, नवऱ्याचे पिणे, शेताचा उतार, सासरचे देणे, सारे. त्या बाईला सेठजींविषयी काय माहीत होते? हासळीचे वजन त्यांनी किती लिहिले, बी कोणत्या भावाने चढवले, मागच्या वर्षीची बाकी किती धरली, यातले काहीच नाही. वही त्यांच्या हातात, वहीची लिपी त्यांची, तराजूही त्यांचा. आपल्या घराची सारी खबर एका माणसाजवळ असावी आणि त्याच्याजवळच्या आपल्या हिशेबाची खबर आपल्याला नसावी, यात जे आहे ते मला व्याजाहून वाईट वाटते. अशा माणसाची माया खरी असली तरी फरक पडत नाही. ताप उतरला का, हे त्यांनी मनापासूनच विचारले होते, याविषयी मला शंका नाही.

रस्किनने १८६० साली आपल्या निबंधांत व्यापाऱ्याला एक अवघड प्रश्न घातला होता. सैनिकाने प्रसंगी देशासाठी मरावे, वैद्याने साथीत जागा सोडू नये, असे आपण मानतो. मग व्यापाऱ्याने कोणत्या प्रसंगी प्राण द्यायला हवा? तो प्रसंग त्याला ठाऊक नसेल तर त्याला जगावे कसे हेही ठाऊक नाही. गांधीजींना या विचाराने झपाटले आणि १९०८ साली त्यांनी तो गुजरातीत आणला. प्रश्न मोठा आहे. पण डहीच्या दुकानासमोर बसून मला वाटे, एवढे मोठे मागू नये. प्राण राहू दे. गिऱ्हाइकाला आपली वही वाचून दाखवायची आणि नको असेल तर उठून जाऊ द्यायचे, एवढे जमले तरी पुष्कळ.

आता माझ्या वहीविषयी. मी सरकारी अनुदानाची कर्जे भरून देत असे. अर्ज हिंदीत, शर्तींचा कागद इंग्रजीत, आणि घर बोलणार भिलाली. शाईचा पॅड पुढे केला की माणूस अंगठा देई. त्या चार वर्षांत मी किती अंगठे घेतले असतील ते मोजलेले नाही. त्यातल्या किती जणांना कागद वाचून दाखवला, ते मोजता येण्याजोगे आहे. एका हाताची बोटे पुरतील. एकदा एका म्हाताऱ्याने विचारले होते की यात काय लिहिले आहे. मी म्हणालो, "तुमच्या फायद्याचेच आहे, बाबा." बस सुटायची वेळ झाली होती. पुढे त्याची गाय मेली, विमा वेळेवर कळवला नाही म्हणून नाकारला गेला, आणि कळवायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. 'कोणी' म्हणजे मी. वसुलीची नोटीसही मीच नेऊन दिली. पैसे मोजायला आईची भाषा लागते हे ज्या घरात मी शिकलो, त्या घरचा मी.

आमच्या धारमध्येच पुढे एक मोठा प्रयोग झाला. १ जानेवारी २००० पासून जिल्ह्यात 'ज्ञानदूत' सुरू झाले. गावोगावी संगणकाची सूचनालये, ती चालवणारा स्थानिक तरुण म्हणजे सूचक. मंडीचे भाव पाहायचे ५ रुपये, तक्रार नोंदवायची १०, जमिनीच्या कागदाची नक्कल १५. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचे बक्षीस मिळाले आणि धारचे नाव जगात झाले. पटवाऱ्याच्या दोन खेपा वाचवणारे १५ रुपये मला तरी स्वस्त वाटतात. हातपंप बंद आहे ही तक्रार १० रुपयांत थेट जिल्ह्याला पोचणे हेही लहान नव्हे. पण वीज नसे, टेलिफोनची तार तुटे, आणि नंतरच्या पाहण्यांत वापर अपेक्षेपेक्षा फारच कमी आढळला. मला त्याचे आणखी एक कारण दिसते. भाव कळून उपयोग होतो तो ज्याच्याजवळ ट्रॉलीभर माल आहे त्याला. डहीच्या हाटात डोक्यावर टोपलीभर उडीद घेऊन येणाऱ्या बाईला इंदूरचा भाव सांगून काय करायचे? त्या टोपलीतून तिला संध्याकाळपर्यंत तेल-मीठ न्यायचे असते.

ट्रॉलीवाल्यासाठी मात्र माळव्यात खरोखर काही घडले. २००० च्याच जूनमध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी पहिल्या सहा ई-चौपाली उघडल्या. त्याआधीची मंडी आठवा. ट्रॉली भाड्याने करून माल न्यायचा, रांगेत रात्र काढायची, सकाळी लिलावात जो भाव पुकारला जाईल तो घ्यायचा. नको म्हटले तर भाडे अंगावर आणि माल परत. म्हणजे मंडीचे दार आत जायला उघडे आणि बाहेर पडायला बंद. ई-चौपालीत भाव घरून निघण्याआधी गावातच दिसू लागला. पटला तर कंपनीच्या केंद्रावर जा, तिथे वजन विजेच्या काट्यावर. न पटला तर मंडीत जा किंवा घरी ठेव. संचालक गावचाच शेतकरी, आणि त्याने गावासमोर शपथ घेतलेली. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले नाही, तिला नफा हवा होता आणि तो तिने लपवलाही नाही. मला यात गैर वाटत नाही. शेतकऱ्याला घरून निघण्याआधीच 'नको' म्हणता येऊ लागले, ही गोष्ट मला नफ्याहून मोठी वाटते.

पण दारात आलेली प्रत्येक सेवा अशी नसते. आंध्र प्रदेशात घरोघर बायकांना छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्या होत्या. दर आठवड्याला माणूस दारात, हप्ता लहान, कागद थोडा. गरज ओळखून अगदी नीट बेतलेले सगळे. २०१० च्या ऑक्टोबरात त्यांच्या वसुलीवरून सरकारला वटहुकूम काढावा लागला. मध्य प्रदेशाच्या विधानसभेनेही २०२० साली एक कायदा मंजूर केला. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींवरची, बिगरपरवाना सावकारांची १५ ऑगस्ट २०२० पर्यंतची कर्जे त्याने रद्द केली. सुप्याला जे आगीने झाले ते इथे कलमाने झाले म्हणायचे. पुढच्या ज्येष्ठात बी कोण देणार, हे कलमात नसते.

या घरांनी स्वतःची सोय कधी केलीच नाही असे मात्र समजू नये. आपल्याकडे इर्जिक होती, सावड होती. झाबुआ-दाहोदकडच्या भिलांत नोतरा आहे: घरात लग्नकार्य निघाले की आवतण द्यायचे, येणारा यथाशक्ति पैसे घालतो, ते सर्वांसमक्ष लिहिले जातात, आणि त्याच्या घरी कार्य निघाले की आपण थोडी भर घालून परत करायचे. हलमा आहे: अडचणीतल्याने हाक द्यायची आणि गावाने बिनमजुरीने कामाला यायचे. त्यातही वही असते, पण ती चारचौघांत उघडी असते, आणि आजचा देणारा उद्याचा मागणारा असतो. याने पोट भरते असे नाही. दुष्काळात सगळेच मागणारे झाले की नोतरा चालत नाही, तेव्हा बाहेरचा पैसा, बाहेरचा बाजार लागतोच.

देवास जिल्ह्यातल्या बागलीकडे १९९० पासून समाज प्रगती सहयोग ही संस्था काम करते. तिथल्या बायकांच्या बचत गटांतून २०१२ साली राम रहीम प्रगती प्रोड्यूसर कंपनी उभी राहिली. भागधारक त्या बायकाच. थोडा-थोडा माल एकत्र करून मोठ्या बाजारात विकायचा, म्हणजे टोपलीची ट्रॉली करायची. बचत गटाची एक रीत मला फार मोलाची वाटते. बैठकीत वही मोठ्याने वाचतात. लिहिणारी एक, पण ऐकणाऱ्या सगळ्या, आणि आपल्या नावापुढचा आकडा चुकला की अक्षरओळख नसलेली बाईही तिथल्या तिथे हरकत घेते. तिला तो तोंडपाठ असतो. त्या वाचनात वेळ फार जातो, आणि कामे खोळंबतात अशी तक्रार गटागटांतून ऐकू येते. आमच्या शाखेतही बस सुटायची वेळ झालेली असायची.

गेल्या वर्षी कुक्षीला एका लग्नाला गेलो होतो, तसाच पुढे डहीला जाऊन आलो. हाटाचा दिवस होता. सेठजींचे दुकान आहे, नातू बसतो. चांदी अजून मागच्या खोलीतच. आमच्या टेबलाच्या जागी एक पोरगा छोटे यंत्र घेऊन बसला होता. आधारचा आकडा सांगायचा, काचेवर अंगठा ठेवायचा, खात्यातले पैसे हातात. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि रांग चालूच होती. मला खरेच आनंद झाला. आमच्या दोनच्या खिडकीचा सूड उगवल्यासारखा.

रांगेत एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आजीला घेऊन आली होती. आजीने अंगठा ठेवला, यंत्र वाजले, पोराने नोटा मोजून दिल्या आणि "पुढे" म्हणाला. मुलगी हलली नाही. तिने चिठ्ठी मागितली. पोरगा म्हणाला, कागद संपला आहे, पैसे मिळाले ना, मग चिठ्ठी कशाला? किती काढले आणि किती उरले ते पाहायचे आहे, ती म्हणाली. मागचे लोक कुरकुरू लागले. आजीनेही तिचा हात ओढला. पोराने थोडा वेळ इकडे-तिकडे पाहिले, मग पिशवीतून कागदाची नवी गुंडाळी काढली आणि यंत्राचे झाकण उघडले. ती बसत नव्हती, दोनदा वाकडी गेली. मुलगी उन्हात उभी होती. चिठ्ठी आली तेव्हा तिने ती तिथेच, रांग अडवून, आजीच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवली, आणि आजीने तिला एक आकडा पुन्हा वाचायला लावला.